आजोबांच्या डब्यातली बिनाकाची खेळणी

दिवाळीच्या आधी कपाट आवरायला काढलं की मागच्या कप्प्यातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघतो. झाकण उघडावं तर आत बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे प्राणी, पक्षी. कुणाचा कान तुटलेला, कुणाचा रंग उडालेला. सूनबाई विचारते, ‘‘बाबा, हे टाकून देऊ का?’’ एरवी घरातल्या कुठल्याही गोष्टीत फारसं लक्ष न घालणारे, सत्तरीकडे झुकलेले बाबा एकदम ताठ होतात. ‘‘राहू दे गं ते. हात नको लावूस त्याला.’’

चार दिवसांनी मुलगा रक्तदाबाच्या तपासणीच्या निमित्तानं त्यांना दवाखान्यात नेतो आणि बाहेर पडताना डॉक्टरांना हळूच विचारतो, ‘‘आई गेल्यापासून रोज तो डबा उघडून बसतात. वयामुळे होतं का हे? काही मानसिक तर नाही ना?’’

असं घर अनेकांच्या ओळखीचं असेल. मुलाची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण तिचं उत्तर देण्याआधी त्या डब्यात नेमकं काय आहे, हे समजून घ्यायला हवं.

खोक्यातला आनंद

साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या पिढीला ‘बिनाका’ म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. पहिली, बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर लागणारी, १९५२ साली सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ आणि अमीन सयानींचा आवाज. दुसरी, सिबा कंपनीच्या बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात मिळणारं इवलंसं प्लास्टिकचं खेळणं. पेस्ट आणली की खोकं आधी मुलांच्या हातात जाई. आत काय निघेल हे उघडेपर्यंत कळत नसे. हवं ते निघालं तर घरभर नाच, तेच ते पुन्हा निघालं तर शेजारच्या मुलाशी अदलाबदल. नवं खोकं लवकर यावं म्हणून ब्रशवर चांगली लांब पेस्ट पिळणारी मुलंही होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, असं आजचे दंतवैद्य सांगतात. त्या काळी पेस्ट किती घ्यायची हे पुढच्या खेळण्याची ओढ ठरवत असे.

पुढे कंपन्या बदलल्या, नावं बदलली. बिनाका हे नाव १९९६ मध्ये डाबरकडे गेलं. खेळणी मात्र अनेक घरांत डब्यांत, कपाटांत, देव्हाऱ्याखालच्या खणांत राहिली. आज त्या पिढीतले काही जण ती पुन्हा शोधतात, जुन्या बाजारात विकत घेतात, आपल्याकडे जास्त असलेली दुसऱ्याला देऊन नसलेली मिळवतात.

मुलं गोळा का करतात?

गोळा करणं हा बालपणाचा स्थायीभाव आहे. अमेरिकेत कॅरोलिन बर्क यांनी शाळकरी मुलांच्या या सवयीचा अभ्यास १९०० साली प्रसिद्ध केला. जवळजवळ प्रत्येक मूल काही ना काही जमवत होतं, आणि बहुतेकांकडे एकापेक्षा जास्त संग्रह होते. आपल्याकडे गोट्या, काडेपेट्यांचे छाप, बसची तिकिटं, मोरपिसं ही त्याचीच उदाहरणं. सात ते अकरा या वयात मूल वस्तूंचं वर्गीकरण करायला, त्या क्रमानं लावायला शिकतं, असं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं. प्राणी एकीकडे, पक्षी दुसरीकडे, मग रंगांप्रमाणे रांगा. अशा मांडामांडीत मेंदूचाच व्यायाम होत असतो.

बंद खोक्याची गंमत आणखी वेगळी. अपेक्षित बक्षीस ठरल्याप्रमाणे मिळालं तर मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी फारशा उसळत नाहीत. अनपेक्षितपणे मिळालं तर मात्र त्या जोरात प्रतिसाद देतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट झालं. ‘या वेळी कदाचित निघेल’ हा ‘कदाचित’च ओढ लावतो.

त्यात साधं गणितही आहे. समजा, एका मालिकेत दहा खेळणी आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे. अदलाबदल न करता दहाही जमवायची, तर सरासरी २९ खोकी लागतात. वीस खेळणी असतील तर सुमारे ७२. पहिली काही पटापट मिळतात, शेवटचं एक मात्र जीव काढतं. बालपणी अपुरा राहिलेला संच पन्नास वर्षांनीही मनात का टोचतो, याचं अर्धं उत्तर या गणितात आहे. सध्या तरुणाईला वेड लावणारी, बंद डब्यातून येणारी लबूबूची बाहुली याच तत्त्वावर विकली जाते. फरक इतकाच, की टूथपेस्ट महिना-दीड महिना पुरायची. पुढच्या खोक्यासाठी थांबावंच लागे. आता बोट टेकवलं की पुढचा डबा मागवता येतो.

बाझेलचा आजार

आता बाबांकडे वळू. जुन्या दिवसांच्या या ओढीला नॉस्टॅल्जिया म्हणतात. मराठीत त्याला स्मरणरंजन असा छान शब्द आहे. पण हा शब्द जन्मला तो एका आजाराचं नाव म्हणून. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. घरी परतणं आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्यानं जोडले. घरापासून दूर गेलेले स्विस तरुण झुरतात, खाणंपिणं सोडतात, त्यांना झोप लागत नाही, अशी लक्षणं त्यानं नोंदवली. योगायोग असा, की बिनाका बनवणारी सिबा कंपनीही मूळची बाझेलचीच.

तीनशे वर्षांत वैद्यकानं आपलं मत बदललं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशुट यांच्या संशोधनातून असं दिसलं, की एकटेपणा आला की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो आणि त्यातून त्याला आपण कुणाचे तरी आहोत, ही भावना परत मिळते. या आठवणींत वस्तू निमित्तमात्र असते. खरी गर्दी माणसांची असते. बिनाकाच्या खेळण्यामागे ते खोकं आणणारे वडील असतात, अदलाबदल करणारा चाळीतला मित्र असतो, वाटणीवरून भांडलेली बहीण असते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं, की उतारवयात आयुष्याकडे वळून पाहणं हे बुद्धी ढळल्याचं लक्षण नसून मनाचं आवश्यक काम आहे. त्यातूनच पुढे जुन्या वस्तू, फोटो, गाणी यांच्या आधारे वृद्धांना बोलतं करण्याची पद्धत रुजली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये तिचा फायदा माफक असतो आणि सर्वांना सारखा होत नाही. पण तिला खर्च जवळजवळ नाही, आणि घरच्यांना ती सहज जमते.

म्हणजे पत्नीच्या निधनानंतर डबा उघडून बसणारे बाबा बहुधा आजारी नाहीत. ते सोबत शोधत आहेत.

छंद कुठे संपतो?

‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कारण वस्तू साठवण्याचा एक खरा आजारही आहे. साठवणुकीच्या विकाराला २०१३ साली अमेरिकन मनोविकारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळालं, आणि आता जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आहे. विकसित देशांतल्या पाहण्यांनुसार शंभरात साधारण दोन-तीन जणांना तो असतो, आणि वयाबरोबर तो वाढत जातो.

छंद आणि आजार यांतला फरक वस्तूंच्या संख्येत नसतो. संग्राहक निवडून गोळा करतो, लावून ठेवतो, कौतुकानं दाखवतो. साठवणुकीच्या विकारात वर्तमानपत्रं, पिशव्या, रिकाम्या बाटल्या असं सगळंच जमत जातं. टाकायचं म्हटलं की जीव कासावीस होतो. पलंगावर झोपायला, ओट्यावर स्वयंपाकाला जागा उरत नाही. दाखवायची तर सोडाच, माणसाला घरी कुणी आलेलंही नको वाटतं. अशा वेळी घरच्यांनी परस्पर सगळं भंगारात घालणं हा उपाय नाही. त्यानं विश्वास तुटतो आणि साठवण पुन्हा सुरू होते. मनोविकारतज्ज्ञांच्या मदतीनं विचार आणि वर्तन टप्प्याटप्प्यानं बदलावं लागतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात ठेवावी. आयुष्यभर नीटनेटकी असलेली व्यक्ती साठीनंतर अचानक काहीही गोळा करू लागली, सोबत स्वभाव बदलला, चारचौघांत वागण्याचं भान सुटू लागलं, पैशाचे व्यवहार चुकू लागले, तर मेंदूच्या पुढच्या भागाची तपासणी करून घ्यायला हवी. त्या भागातल्या काही आजारांची सुरुवात अशीही होते. आणि जोडीदार गेल्यावर भूक, झोप, बोलणं-चालणं कमी झालं, डबा उघडूनही चेहरा मिटलेलाच राहिला, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत.

खरा धोका दीड वर्षाच्या हाताला

मुलानं डॉक्टरांना विचारलेला प्रश्न बाबांबद्दल होता. विचारायला हवा होता तो बाळाबद्दल. घरात दीड वर्षाचा नातू असेल तर बाबांच्या मनापेक्षा डब्याचं झाकण जास्त तातडीचं आहे.

एक ते तीन या वयातलं मूल जग तोंडानं ओळखतं. त्याला दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि श्वासनलिका अरुंद असते. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक साधी कसोटी आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती या मुलांना द्यायची नाही. बोटाच्या पेराएवढं खेळणं त्यात आरामात मावतं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. पन्नास वर्षांपूर्वीच्या खेळण्यांनी असली कुठलीच परीक्षा दिलेली नाही.

गिळलेलं गुळगुळीत प्लास्टिक बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतं. बालरुग्णांवर उपचार करणाऱ्या सहा जणांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका मिस्कील प्रयोगात लेगोच्या बाहुलीचं डोकं स्वतः गिळून पाहिलं. ते बाहेर यायला सरासरी पावणेदोन दिवस लागले. एकाला ते सापडलंच नाही! पण ही गोष्ट अन्ननलिकेची. तोच तुकडा श्वासनलिकेत गेला तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. आणि आत कुठे अडकून राहिला, तर साध्या एक्स-रेमध्ये प्लास्टिक दिसत नाही. खेळता खेळता आलेला जोराचा ठसका, मग सगळं शांत, आणि काही दिवसांनी बरा न होणारा खोकला किंवा एकाच बाजूची घरघर, अशी कहाणी असेल तर ती डॉक्टरांना जरूर सांगावी. दुर्बिणीनं तपासूनच तो तुकडा सापडतो आणि निघतो.

मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरावं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा द्याव्यात. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच वेळा दाबावं. वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावं आणि दुसऱ्यानं लगेच १०८ ला फोन लावावा. मूल बेशुद्ध झालं तर छाती दाबून श्वास देणं सुरू करावं. दिसत नसताना घशात बोट घालू नये. वस्तू आणखी आत जाते.

दुसरा धोका सावकाश चालणारा. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी २०० जुनी प्लास्टिकची खेळणी तपासली. त्यांतल्या अनेकांत शिसं, कॅडमियम यांसारखी घातक मूलद्रव्यं सापडली, विशेषतः लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगांत. म्हणजे प्रत्येक जुनं खेळणं विषारी असं नाही, आणि हातात घेऊन पाहणाऱ्या मोठ्या माणसाला त्याची भीती नाही. पण चघळणाऱ्या बाळाची गोष्ट वेगळी. शरीरात शिसं किती असलं तर चालतं, याची सुरक्षित पातळीच नाही.

डबा कुठे ठेवावा?

डबा टाकायची गरज नाही. तो घट्ट झाकणाचा असावा आणि बाळाचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर, शक्य तर कुलपात असावा. उघडताना बाळ खोलीत नसावं, आणि परत ठेवताना खेळणी मोजावीत. एखादं चिकट झालं असेल, तडकलं असेल, तर ते वेगळं काढावं. पाहून झालं की हात धुवावेत.

आणि आठवड्यातून एकदा, नातू झोपला की, घरातल्या कुणीतरी बाबांजवळ बसावं. ‘‘बाबा, हे कुणाकडून मिळालं होतं?’’ एवढं विचारलं तरी पुरे. बाबा खेळण्यांची मोजणी सुरू करतील आणि सांगत सुटतील ती माणसांची नावं असतील.