अपडेटचा ई-मेल खरा की खोटा?

'आपले सॉफ्टवेअर कालबाह्य झाले आहे, सोबतची फाइल तातडीने इन्स्टॉल करावी,' असा कंपनीच्या बोधचिन्हासह ई-मेल आला की अनेक जण तो निःशंकपणे उघडतात. सप्टेंबर २००३मध्ये पसरलेल्या 'स्वेन' या वर्मने नेमका याच विश्वासाचा गैरफायदा घेतला. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट असल्याचे तो भासवत असे. फाइल उघडताच 'इन्स्टॉल करायचे का?' असा प्रश्न येई. मात्र 'नाही' म्हटले तरी वर्म संगणकात शिरे आणि अँटिव्हायरस बंद पाडण्याचा प्रयत्न करी.

पहिली कसोटी जोडलेल्या फाइलची. मायक्रोसॉफ्ट ई-मेलला जोडून अपडेट पाठवत नाही. दुसरी कसोटी लिंकची. क्लिक न करता त्यावर माउसचा बाण नेल्यास खरा पत्ता दिसतो. त्यात कंपनीचे नाव कुठेतरी असणे पुरेसे नाही. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधीचा भाग कंपनीचाच हवा. प्रेषकाच्या नावावर तर विसंबूच नये. ते सहज बदलता येते.

शंका आल्यास ई-मेल बाजूला ठेवून संगणकाच्या 'सेटिंग्ज'मध्ये किंवा त्या सॉफ्टवेअरमध्येच अपडेट तपासावे. भीतीपोटी अपडेट टाळणेही तितकेच धोक्याचे.

फाइल उघडली गेलीच, तर इंटरनेट बंद करून दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदलावेत. खात्यातून पैसे गेल्यास बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार नोंदवावी.