थाई भाषेतील येणे-जाणे

वैनगंगेकाठच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. बौद्ध थायलंड हा देश भंडारा जिल्ह्याला मनाने तसा परका नाही. तथापि येथील एखाद्या विद्यार्थ्याने थाई शिकावयाचे ठरविले, तर त्याच्या हाती इंग्रजीतून लिहिलेले पुस्तक पडण्याचाच संभव अधिक. आणि अडचणीचे मूळ तेथेच असते.

इंग्रजी भाषा गतीची दिशा बहुधा शब्दयोगी अव्ययांनी दाखविते. थाई ते काम क्रियापदांवर सोपविते. ‘विंग’ म्हणजे धावणे, ‘ऑक’ म्हणजे बाहेर पडणे, ‘मा’ म्हणजे येणे. ही तिन्ही याच क्रमाने ठेवली की ‘पळत बाहेर आला’ असा अर्थ होतो. ‘विंग खाव पाय’ म्हणजे ‘पळत आत गेला’. काळ वा पुरुष यांनुसार क्रियापद बदलत नाही. थोड्या भांडवलावर एवढा मोठा व्यवहार क्वचितच कोणी चालविला असेल! मराठीचा क्रमही नेमका हाच आहे : आधी रीत, मग वाट, शेवटी येणे किंवा जाणे. ज्याला हे घरातच मिळाले आहे, त्याने इंग्रजी अव्ययांचे थाई प्रतिशब्द घोकत का बसावे?

साम्य एवढ्यावरच थांबत नाही. आपण एखादे काम वर्षानुवर्षे ‘करीत आलो’ असे म्हणतो. थाई माणूसही तेथे ‘मा’च वापरतो. ‘पाणी घेऊन ये’ हे थाईत ‘आव नाम मा’ असे होते. मात्र पाणी (‘नाम’) हे घेणे आणि येणे यांच्या मधोमध बसते.

दिशांची नावे तर ओळखीचीच निघतात. थायलंडच्या ईशान्य भागाला ‘ईसान’ म्हणतात. नित्याच्या बोलण्यात मात्र पूर्व म्हणजे ‘तवान ऑक’, सूर्य बाहेर पडतो ती बाजू. आपली उगवतीच ती. उत्तरेला आणि ‘वर’ला एकच शब्द आहे. त्यांची मोठी नदी चाओ फ्राया उत्तरेकडून दक्षिणेस वाहते. वैनगंगेच्या प्रवाहाविरुद्ध पवनीहून भंडाऱ्याकडे निघालेल्यास हा शब्द चमत्कारिक वाटू नये.

अर्थात मराठीवर सर्वस्वी विसंबूनही चालणार नाही. थाईत पाच स्वर आहेत. चढ-उतार चुकला की शब्दच बदलतो, आणि देवनागरीत तो चढ-उतार उमटत नाही. भेटताच विचारले जाणारे ‘पाय नाय?’ मराठी कानाला पाय नसल्याची तक्रार वाटेल. त्याचा अर्थ ‘कुठे निघालात?’ एवढाच. खरी फसगत होते ती निरोप घेताना. आपल्याकडे ‘जातो’ म्हणणे अशुभ, म्हणून निघणारा ‘येतो’ म्हणतो. थाई पाहुणा सरळ ‘पाय’ म्हणून, जातो असे सांगूनच निघतो. तेथे मराठी पाहुण्याने सवयीने ‘मा’ म्हटले, तर आणखी कोण येणार म्हणून यजमान दाराकडे पाहत राहील.