तळ्यांतील मासे पहाटे कां मरतात?

भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तळ्यांवर ज्यांचें पोट चालतें, त्या ढीवर बंधूंस एक भय नित्य असतें. सायंकाळीं धडधाकट असलेले मासे पहाटे तोंडें वर काढून धापा टाकूं लागतात, आणि उन्हें चढेपर्यंत वर्षाची कमाई पाण्यावर तरंगूं लागते! कोणी विष घातलें, असें लोक म्हणतात. बहुधा तसें नसतें.

पाण्यास हिरवा रंग आणणाऱ्या सूक्ष्म वनस्पती दिवसा प्राणवायु सोडतात. रात्रीं मात्र माशांप्रमाणें त्याही तो घेतात. म्हणून सूर्योदयापूर्वीं त्याचा सांठा सर्वांत कमी असतो. त्यांत शेण किंवा कोंडा अधिक पडला असेल, तर त्याच्या कुजण्यांतही प्राणवायु खर्ची पडतो. दिवस ढगाळ गेला, तर धोका वाढतो.

कटला वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळच्या थरांत चरतो. यास्तव तिघांचीं बोटुकलीं ४:३:३ या प्रमाणांत सोडण्याची रीत आहे. अन्न असें वांटलें जातें खरें. श्वास मात्र सर्वांचा एकाच पाण्यांतून चालतो. दाटी केल्यास नुकसान ठरलेलेंच.

परीक्षा सोपी आहे. हात सरळ पाण्यांत बुडवावा. कोपराजवळ पाणी येईतों तळवा दिसला, तर ठीक. मनगट बुडतांच दिसेनासा झाला, तर खत व खाद्य तत्काळ बंद करावें. मासे धापा टाकीत असतील, तर उंचावरून ताजें पाणी सोडावें, किंवा बांबूंनीं पाणी झोडपावें. आणि हें सूर्य वर येईपर्यंत चालूं ठेवावें.