पर्ल शिकताना प्रश्न कसा विचारावा

प्राथमिक शाळेचा कारभार म्हटला म्हणजे तो बव्हंशी याद्यांचा कारभार होय. पटाची यादी, हजेरीची यादी, शालेय पोषण आहाराचा दैनिक हिशेब, पाठ्यपुस्तकांच्या वाटपाची नोंद. एकच मजकूर कधी वर्गवार, कधी गाववार, तर कधी जन्मतारखेच्या क्रमाने मांडून द्यावा लागतो. अशा कामी संगणकाचे साहाय्य घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाचे लक्ष पर्ल या भाषेकडे वळले तर ते स्वाभाविकच आहे. लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी ही भाषा १९८७ च्या डिसेंबरात प्रथम प्रसिद्ध केली. ते भाषाशास्त्राचे अभ्यासक होते. मजकुराच्या ओळी वाचणे, त्यांतून हवा तेवढा भाग निवडणे व त्याचे पत्रक तयार करणे, हे या भाषेचे मूळचे काम. ती विनामूल्य मिळते. आज नव्याने शिकणारे बहुधा पायथॉनकडे वळतात व त्यात गैर काही नाही. परंतु मजकुराची काटछाट दहा-पाच ओळींत उरकावयाची असेल तर पर्ल अद्यापही फार उपयोगी पडते.

तथापि पर्लची थोरवी सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. नवशिका ठिकठिकाणी अडतो; अडल्यावर त्याने कोणास काय व कसे विचारावे, आणि ज्यास विचारले त्याने ते कसे सांगावे, एवढाच येथे विचार करावयाचा आहे. विद्यार्थ्याने अडलेले न विचारता बसून राहणे आपणांस आवडत नाही. मात्र आपणच विद्यार्थी झालो म्हणजे आपण नेमके तसेच बसून राहतो, हा अनेकांचा अनुभव असेल.

एक उदाहरण घेऊ. समजा, वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन येथे एक गुरुजी पर्ल शिकत आहेत. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे हे गाव सर्वांस परिचित आहे. गुरुजींनी दररोजची उपस्थिती एका साध्या फाइलीत लिहून ठेवली आहे. प्रत्येक ओळीत दिनांक, इयत्ता व उपस्थित मुलांची संख्या अशी तीन पदे असून ती स्वल्पविरामांनी वेगळी केली आहेत. महिन्याची बेरीज करण्यासाठी त्यांनी वीस ओळींची आज्ञावली लिहिली व ती चालविली. पडद्यावर उत्तर आले ते शून्य. संगणकाने कसलीही तक्रार केली नाही. मुले रोज येत होती, जेवत होती, आणि बेरीज मात्र शून्य.

गुरुजींनी एका अनुभवी स्नेह्यास निरोप धाडला : ‘माझी आज्ञावली चालत नाही. कृपया साहाय्य करावे.’

या निरोपात नम्रता आहे, परंतु माहिती नाही. आज्ञावली चालत नाही म्हणजे काय? ती सुरूच होत नाही, मध्येच थांबते, की शेवटपर्यंत जाऊन चुकीचे उत्तर देते? या तीन दुखण्यांची कारणे अगदी भिन्न असतात. ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगणाऱ्या रोग्यास वैद्य जसा उलट दहा प्रश्न विचारतो, तसेच येथे स्नेह्यास करावे लागते. तेवढा त्यास वेळ नसला तर निरोप तसाच पडून राहतो, आणि आपणांस कोणी सांगत नाही असा नवशिक्याचा समज होतो.

आता हाच प्रश्न निराळ्या रीतीने मांडून पाहू. प्रथम फाइल लहान करावयाची. महिन्याच्या सर्व ओळींऐवजी दोनच ओळी ठेवावयाच्या. एकीत ४२ व दुसरीत ३९. आज्ञावलीतून पत्रकाची सजावट, शीर्षके वगैरे भाग काढून टाकावयाचा व केवळ वाचणे आणि बेरीज करणे एवढेच ठेवावयाचे. असे करीत असता प्रत्येक वेळी ती चालवून दोष कायम आहे की नाही हे पाहावयाचे. शेवटी पाच-सहा ओळी उरतात व दोष त्यांतच असतो. मग लिहावयाचे : ‘फाइलीत या दोन ओळी आहेत. आज्ञावली ही अशी आहे. बेरीज ८१ यावी अशी माझी अपेक्षा होती, ० आली. स्वल्पविरामावर ओळ तोडून झाल्यावर तिसरे पद छापून पाहिले, ते बरोबर दिसते.’ या प्रश्नास जाणत्या मनुष्याकडून दोन मिनिटांत उत्तर मिळेल. किंबहुना अर्ध्या वेळा प्रश्न इतका लहान करीत असतानाच उत्तर आपले आपणांस सापडते, व निरोप धाडावाच लागत नाही.

निरोप धाडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावयाची असते. आज्ञावलीच्या आरंभी ‘यूज स्ट्रिक्ट’ आणि ‘यूज वॉर्निंग्ज’ या दोन ओळी लिहाव्यात. पहिलीमुळे चलाचे नाव लिहिताना झालेली चूक तत्काळ पकडली जाते. दुसरीमुळे संशयास्पद गोष्टी घडल्या की पर्ल तसा इशारा देते. गुरुजींनी ही दुसरी ओळ लिहिली असती तर त्यांस सांगितले गेले असते की अमुक ओळीवरील बेरजेत वापरलेले मूल्य सांख्यिक नाही. या इशाऱ्यात मूळ आकड्याच्या जागी काही विचित्र सांकेतिक चिन्हे दिसतात. त्यांस भिऊ नये. इशारा इंग्रजीत असतो म्हणून तो वाचावयाचा टाळू नये व प्रश्न विचारताना त्याचा स्वतःच्या शब्दांत सारांशही देऊ नये. तो अक्षरशः जसाच्या तसा उतरवून द्यावा. सारांश करताना नवशिका नेमका महत्त्वाचा शब्द गाळतो.

शून्य येण्याचे कारण असे. गुरुजींनी आकडे देवनागरीत लिहिले होते. पर्ल हिशेब करते तो आंतरराष्ट्रीय अंकांचा. देवनागरी अंक तिला अंकचिन्ह म्हणून ओळखता येतात, पण बेरजेच्या वेळी त्यांचे मूल्य ती शून्य धरते. येथे एक चमत्कारिक विसंगती आहे. फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने वाचली असता, ‘या जागी अंकच आहे ना?’ अशी जी तपासणी पर्लमध्ये करता येते, तिच्यात देवनागरी ४२ उत्तीर्ण होतो, आणि पुढच्याच ओळीवर बेरजेत तोच ४२ शून्य ठरतो. ज्याने तपासणी लिहिली तो निर्धास्त राहतो! उपाय मात्र सोपा आहे. ‘टीआर’ नावाच्या क्रियेने शून्यापासून नवापर्यंतच्या देवनागरी अंकांच्या जागी आंतरराष्ट्रीय अंक घालावयाचे व मग बेरीज करावयाची. यासाठी एक ओळ पुरते. परंतु ज्या आज्ञावलीत आपण स्वतः देवनागरी अक्षरे लिहितो तिच्या आरंभी ‘यूज यूटीएफ-८’ ही ओळही हवी, नाहीतर हा उपाय फसतो.

शून्य आले हे गुरुजींचे एका परीने सुदैवच म्हटले पाहिजे, कारण शून्य कोणाच्याही नजरेस येते. याहून घातक प्रकार मिश्र फाइलीचा. एका शिक्षिकेने आकडे देवनागरीत भरले व दुसऱ्या शिक्षकाने आंतरराष्ट्रीय अंकांत भरले, तर बेरीज शून्य येत नाही. ती निम्मी-शिम्मी येते. ४२ आणि ३९ यांपैकी केवळ दुसराच धरला गेला तर उत्तर ३९ दिसते, आणि ३९ मुले ही एखाद्या वर्गात असू शकणारी संख्या आहे. असे पत्रक कोणासही खटकत नाही. ते पुढे जाते, त्यावरून उपस्थितीची सरासरी निघते, धान्याचा हिशेब होतो, आणि ज्या ४२ मुलांनी त्या दिवशी पानावर बसून भात खाल्ला ती कागदावर नसतात. म्हणूनच इशाऱ्याची ती एक ओळ लिहिण्याचा आळस कोणी करू नये, आणि उत्तर ‘बरोबर वाटते’ एवढ्यावर विसंबू नये. दोन ओळींची बेरीज आधी बोटांवर करून पाहावी.

दुसरी एक अडचण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक नवशिक्यास येते. ‘शिरपूर’ या शब्दाची लांबी पर्लला विचारली तर ती १८ सांगते. हे ऐकून मनुष्य गोंधळून जातो. संगणकाच्या साठवणीतील लहान माप म्हणजे बाइट. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. श, ऱ्हस्व वेलांटी, र, प, दीर्घ उकार व र अशी ही सहा चिन्हे; सहा त्रिक अठरा. मजकूर यूटीएफ-८ आहे असे पर्लला आधी सांगितले तर ती सहा सांगते. आणि आपण पाटीवर लिहितो त्याप्रमाणे ‘शि-र-पू-र’ अशी अक्षरे मोजावयाची असतील तर चार. त्यासाठीही पर्लमध्ये वेगळी खूण आहे. अठरा, सहा व चार ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. फाइलीतून वाचलेल्या ओळीस १९ असे उत्तर आले, तर ओळीच्या शेवटची अदृश्य खूणही मोजली गेली असे समजावे. ती ‘चॉम्प’ या क्रियेने काढतात. येथे ‘मला किती हवे होते’ हे न सांगता केवळ ‘लांबी चुकीची येते’ असे विचारणाऱ्यास कोण काय उत्तर देणार? देवनागरी मजकूर छापताना ‘वाइड कॅरेक्टर’ असा इशारा मिळाला, तर तोही याच कुळातला; बाहेर जाणारा मजकूर यूटीएफ-८ असावा हे सांगावयाचे राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी अडचण नावांची. पर्लमध्ये दोन संख्या समान आहेत काय हे पाहण्याची खूण निराळी व दोन शब्द समान आहेत काय हे पाहण्याची निराळी. पहिलीसाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहितात, दुसरीसाठी ‘ईक्यू’ हा शब्द. नवशिक्याने शब्दांसाठी पहिली खूण वापरली तर शिरपूर आणि मालेगाव ही दोन्ही नावे आधी शून्य ठरतात, आणि शून्य बरोबर शून्य, म्हणून शिरपूर म्हणजेच मालेगाव असा निर्णय मिळतो. सर्व गावे एक होतात. तालुक्याची यादी गाववार निवडताना एकाच गावात सर्व शाळा आल्या, तर प्रथम हेच तपासावे.

शब्दांची खूण बरोबर वापरूनही घोटाळा टळत नाही, कारण नावेच जुळी असतात. शिरपूर हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. आपले शिरपूर जैन वेगळे. मालेगाव वाशिम जिल्ह्यात आहे तसे नाशिक जिल्ह्यातही आहे. पर्लमधील हॅश नामक रचनेत एका नावापुढे एकच नोंद राहते. त्याच नावाची दुसरी नोंद आली की पहिली मुकाट्याने पुसली जाते. येथे तर ‘यूज वॉर्निंग्ज’ सुद्धा काही बोलत नाही, कारण पर्लच्या दृष्टीने यात वावगे काही घडलेलेच नसते. शिवाय कोणी ‘शिरपूर’, कोणी ‘शिरपूर जैन’, तर कोणी कंसात ‘जैन’ लिहितो; ही पर्लच्या दृष्टीने तीन गावे. जुन्या दाखल्यांवर जिल्हा अकोला असतो, कारण वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. म्हणून शाळांच्या याद्या जुळविताना नावावर न जाता अकरा अंकी यू-डायस क्रमांकावर जावे.

प्रश्न विचारताना पडद्याचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र धाडण्याची प्रथा पडली आहे, ती टाकावी. छायाचित्रातील ओळ दुसऱ्यास चालवून पाहता येत नाही, आणि पूर्णविराम की स्वल्पविराम हेही कळत नाही. मजकूरच उतरवून द्यावा. तो देताना मात्र विद्यार्थ्यांची खरी नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक त्यात राहता कामा नयेत. दोन ओळींच्या नमुन्यात ‘विद्यार्थी अ’ व ‘विद्यार्थी ब’ पुरेसे असतात. मुलांची माहिती शाळेच्या विश्वासावर पालकांनी दिलेली असते. आपला दोष दुरुस्त व्हावा म्हणून ती चार ठिकाणी फिरावी हे उचित नव्हे.

सांगणाऱ्याविषयीही थोडे. ‘एवढेही ठाऊक नाही?’ हे वाक्य उत्तराच्या आरंभी आले तर पुढचे उत्तर कितीही अचूक असो, विचारणारा पुन्हा विचारीत नाही. उलट, संपूर्ण आज्ञावली स्वतः लिहून हाती देणे हीदेखील मदत नव्हे. पुढच्या महिन्यात स्तंभ बदलला की तो मनुष्य जिथल्या तिथे असतो. कोणती ओळ चुकली व का, हे सांगून दुरुस्ती त्यालाच करू द्यावी. पर्लमध्ये एकच काम अनेक रीतींनी करता येते व त्याचा या भाषेच्या चाहत्यांस अभिमान आहे; परंतु नवशिक्यास एकाच वेळी पाच रीती दाखविण्याचा मोह आवरावा.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत जे शिक्षक संगणकावर याद्या करतात त्यांनी यासाठी एक सामाईक वही ठेवावी अशी आमची सूचना आहे. उत्तर मिळून काम झाले की विचारणाऱ्यानेच नोंद करावी. सांगणाऱ्याने नव्हे, कारण काय कळत नव्हते हे त्यालाच ठाऊक असते. नोंद दोन-चार ओळींची असावी : ‘जुन्या पटाची फाइल उघडली तेव्हा पडद्यावर मराठी दिसले, पर्लने मात्र इंग्रजी अक्षरे व चिन्हे दाखविली. कारण : ती फाइल युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या फाँटमध्ये टंकलिखित होती. त्या फाँटात इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप दिलेले असते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर केले, मग आज्ञावली चालली. रूपांतरात रफार व ऱ्हस्व वेलांटी काही ठिकाणी चुकली, ती हाताने तपासली.’ खाली दिनांक व शाळेचे नाव लिहावे. पुढच्या परिषदेस येणारा शिक्षक आपला प्रश्न मांडण्यापूर्वी ही वही चाळेल.