फोटोतली मोटार काय सांगते?

बैलबाजारात गेलात की तुम्ही लांबूनच सांगता, हा खिल्लार, तो डांगी. कोणाला विचारावे लागत नाही. शिंगे, कपाळ, रंग पाहिला की जात कळते. दात पाहिले की वय कळते.

जुन्या फोटोतली मोटारही अशीच ओळखता येते. तिलाही तोंडावळा असतो, तिलाही वय असते. मोटारीचे वय कळले, की फोटोचेही वय थोडेफार कळते.

पण ते कळून उपयोग काय? एका घरची गोष्ट ऐका.

एका आजीच्या पेटीत दोन जुने फोटो होते. आजीचे वय ऐंशीच्या पुढे. ती वर्षाची होती तेव्हा, १९४३ साली, तिचे वडील वारले. तिला त्यांचा चेहरा आठवत नाही. वडील आणि चुलते दोघेही मोटारीवर कामाला होते. दिसायलाही सारखेच. एका फोटोत एक फेटेवाला माणूस मालमोटारीला टेकून उभा होता. घरातले सगळे म्हणत, "हाच तुझा बाप." आजी त्या फोटोला रोज फूल वाहायची.

एकदा शहरातून नात आली. फोटो निरखून म्हणाली, "आजी, हे पणजोबा नसतील गं."

आजीला राग आला. "तू कुठं त्यांना पाहिलंस?"

"मी नाही पाहिलं. पण ही मोटार सांगतेय ना!"

मोटार असे काय सांगत होती? ते कळायला आधी मोटार पाहायला शिकू या.

चाके, दिवे आणि मडगार्ड

पहिल्यांदा चाके पाहा. फार जुन्या मोटारी उंच असत, घोडागाडीसारख्या दिसत. पुष्कळ गाड्यांच्या चाकांना बैलगाडीसारखे लाकडी आरे असत. वर कापडी टप असे. अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही मोटार अशीच होती. ती १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली. दीड कोटीहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. तिच्या नाकाशी रेडिएटर असे. इंजिनाचे पाणी तिथे थंड होते. सुरुवातीला तो पितळेचा होता. १९१६ च्या सुमारास पितळ गेले आणि काळा रंग आला.

मग दिवे पाहा. १९३० च्या आधीच्या गाड्यांत दिवे बहुधा वेगळ्या दांड्यावर बसवलेले दिसतात. खेकड्याच्या डोळ्यांसारखे ते बाहेर असतात. १९४० च्या आसपास अमेरिकेतल्या गाड्यांचे दिवे मडगार्डात बसू लागले. विलायती गाड्यांत हा बदल जरा उशिरा झाला.

नंतर बाजू पाहा. जुन्या मोटारीला चढायला लांब पायरी असे. मडगार्ड सुपासारखे वेगळे दिसत. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतरच्या नव्या मोटारींत ही पायरी हळूहळू गेली. मडगार्ड अंगातच मिसळून गेले.

तोंडावळा

शेवटी मोटारीचे तोंड पाहा. पुढची जाळी म्हणजे मोटारीचे कपाळ. जात तिथे कळते.

मुंबईला शिवडीत जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. तिच्या शेवरोले गाड्या आपल्याकडे पुष्कळ होत्या. १९४७ साली शेवरोलेची नवी मालमोटार निघाली. तिच्या तोंडावर पाच आडव्या पट्ट्या होत्या.

जीप ओळखायची तर जाळीच्या उभ्या फटी मोजा. लढाईतल्या विलीज जीपला नऊ फटी होत्या. १९४५ साली लोकांसाठी वेगळी जीप निघाली. तिला सात.

टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला. १९५४ पासून जमशेदपूरला त्यांच्या मालमोटारी बनू लागल्या. तोंडावर गोल कडे आणि त्यात तीन टोकांचा तारा. १९६९ साली करार संपला. मग नव्या गाड्यांवर तो तारा राहिला नाही.

अँबॅसॅडर मोटार तर तुम्ही पाहिली असेलच. ती १९५७-५८ च्या सुमारास आली आणि २०१४ पर्यंत बनत होती.

गाडीवरची अक्षरेही वाचा. सरकारी एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेली. फोटोत एस.टी. दिसली, तर तो त्यानंतरचा. नंबराच्या पाटीवर 'एमएच' आणि पुढे जिल्ह्याचा आकडा असेल, तर फोटो १९८९ किंवा त्यानंतरचा.

फसू नका

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोटार फक्त एवढेच सांगते, की "माझ्या जन्माच्या आधीचा हा फोटो नव्हे." किती नंतरचा, ते ती सांगत नाही.

आईची पैठणी लेक आपल्या लग्नात नेसते. मग पैठणीवरून लग्नाचे साल ठरेल का? मोटारीचे तसेच आहे. एक मोटार वीस-तीस वर्षेही चालते. म्हणून फोटोत चार गाड्या असल्या, तर त्यांतली सगळ्यात नवी शोधा. फोटो तिच्यापेक्षा जुना नसतो.

जत्रेतले फोटोवाले पुठ्ठ्याची रंगवलेली मोटार ठेवत आणि लोक त्यात बसून फोटो काढत. तेव्हा मोटार खरी आहे की नाही, तेही पाहा. फोटो उलटा छापलेला असला, तर डावे ते उजवे होते. आपल्याकडे मोटारीचे सुकाणू उजवीकडे असते. ते डावीकडे दिसले, तर पाटीवरची अक्षरे पाहा. अक्षरे उलटी असली तर फोटो उलटा. अक्षरे सरळ असली तर गाडीच तशी. लढाईतल्या विलीज जीपचे सुकाणू डावीकडेच होते.

आजीचे काय झाले?

नातीने आजीच्या हातात भिंग दिले. आजीने मालमोटारीचे तोंड पाहिले. गोल कड्यात तीन टोकांचा तारा! तशी गाडी आपल्याकडे १९५४ च्या आधी बनत नव्हती. वडील तर १९४३ सालीच गेले. म्हणजे फोटोतला माणूस चुलता होता.

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चुलत्यानंच मला वाढवलं. फूल काही वाया गेलं नाही."

मग दोघींनी दुसरा फोटो काढला. त्यात पाच माणसे एका मोटारीजवळ उभी होती. मोटारीला कापडी टप, बाहेर आलेले दिवे, बाजूला लांब पायरी. ही गाडी १९४३ च्या आधीची. फोटोही तेव्हाचा असू शकेल. वडील त्या पाचांत असतीलही. पण ते कोणते? ते मोटार सांगू शकत नाही. फोटोची मागची बाजू कोरी होती. दोन नावे कोणी लिहिली असती, तर आजीला बापाचे तोंड दिसले असते.

आजी आता लिहायला शिकली आहे. पहिल्या फोटोच्या मागे तिने हलक्या हाताने, मऊ पेन्सिलीने लिहिले, 'हे माझे चुलते.'

तुमच्याही घरात फोटो असतील. आज ते खाली काढा. माणसांची नावे, गाव आणि साल मागे लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. ती आहेत तोवरच विचारा.