रिंगखालचा पवित्रा

बास्केटबॉलच्या मैदानात सगळ्यात अवघड जागा कोणती? अर्ध्या मैदानावरून फेकलेला चेंडू रिंगमध्ये पडला की आपण तोंडात बोटं घालतो, म्हणून सहज उत्तर येतं, लांबची. खेळणाऱ्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल. लांब उभं राहिलेल्याला कुणी फारसं हात लावत नाही. रिंगपासून दोन पावलांवर मात्र, जिथून चेंडू नुसता वर नेऊन सोडायचा असतो, तिथे समोरच्या संघातला सगळ्यात दांडगा गडी तुमच्या पाठीला छाती लावून उभा राहतो. या जागेला ‘पोस्ट’ म्हणतात. तिथून गुण मिळवायच्या युक्त्या बारकाईने पाहिल्या की वाटतं, हा चेंडूचा खेळ कमी आणि पायांचा जास्त.

पहिलीच गोष्ट चक्रावून टाकणारी. तिरंदाज लक्ष्यावर नजर रोखतो, गोट्या खेळणारं पोरही रोखतं. पोस्टवरचा खेळाडू मात्र लक्ष्याकडे पाठ करतो. ज्या रिंगमध्ये चेंडू टाकायचा ती त्याला दिसतही नसते. याचं कारण साध्या भूमितीत आहे. बचाव करणाऱ्याला तुमच्या आणि रिंगच्या मध्ये उभं राहावंच लागतं, नाहीतर तुम्हाला अडवायला कुणी उरतच नाही. त्याच्याकडे तोंड केलंत तर चेंडू थेट त्याच्या हाताखाली. पाठ केलीत तर त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये तुमचं सगळं अंग. चेंडू हिसकायचा तर आता त्याला वळसा घालून यावं लागेल, आणि त्याने वळसा घातला की रिंगची वाट मोकळी.

पायांचा हा खेळ समजायला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात यावं; शिरूरहून न्हावरा करत भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. महाराष्ट्राचं बास्केटबॉल वाढलं ते मुख्यतः शहरांत: मुंबईच्या नागपाड्याने १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसिर दिला, पुण्याने भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये दिली. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या पटांगणातला खांब आणि चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या तालुका-जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा. त्यांना हलगी वाजत नाही. हलगी वाजते ती जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात. आणि तरीही माझं मत असं, की इथल्या ज्या पोराने तालमीची माती अंगाला लावली आहे, त्याला पोस्टचा अर्धा धडा कुणी शिकवायच्या आधीच येतो.

तो अर्धा धडा म्हणजे पवित्रा. गुडघे वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा रुंद, कंबर खाली, पाठ ताठ, वजन दोन्ही पायांवर सारखं. वस्ताद सांगतो ते, आणि बास्केटबॉलचा प्रशिक्षकही तेच सांगतो. पायांमधलं अंतर जितकं रुंद आणि शरीराचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकं ढकलून पाडणं कठीण, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मला खरी गंमत वाटते ती पुढची. मागचा गडी कंबर उंच ठेवून रेटत असेल आणि तुमची कंबर त्याच्या कंबरेच्या खाली असेल, तर तुमचा रेटा त्याला खालून वर लागतो. तो किंचित उचलला जातो. जमिनीवरचा त्याचा दाब घटतो, दाब घटला की घर्षण घटतं आणि बूट सरकू लागतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तोच रेटा उलटून तुम्हाला खाली दाबतो, म्हणून तुमची पकड मात्र वाढते. हलका गडी जड गड्याच्या वजनातला थोडा भाग असा उसना घेतो! मातीत आणि सिमेंटवर नियम एकच.

फरक हाताचा. इथे धरायचं नाही, ओढायचं नाही, कोपर फिरवायचं नाही. नियमांनी प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य उभा दंडगोल कल्पिलेला आहे. त्याच्या आतली जागा तुमची, बाहेर अंग काढून धक्का दिलात तर फाउल. त्यामुळे सगळी झटापट जागा आधी कोण घेतो यावर येते. चेंडू हातात यायच्या आधीच ती निम्मी संपलेली असते. वर घड्याळही डोक्यावर असतं: रिंगपुढच्या रंगवलेल्या पट्ट्यात हल्ला करणाऱ्याला सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणून पोस्टवरचा खेळाडू पट्ट्याच्या रेघेला लागून, बाहेर ठाण मांडतो.

चेंडू आला. आता पाठीला डोळे फुटतात. बचावपटूची छाती तुमच्या उजव्या खांद्याला जास्त लागते की डाव्या, यावरून तो कुठल्या बाजूला झुकला आहे ते न बघता कळतं. तो आतल्या बाजूला झुकला असेल तर मैदानाच्या शेवटच्या रेषेकडचा पाय मागे टाकायचा, त्याच्या पायाच्याही पलीकडे, आणि दुसऱ्या पायावर अंग फिरवायचं. याला ‘ड्रॉप स्टेप’ म्हणतात. पाय पडला त्याच क्षणी तो तुमच्या मागे पडलेला असतो, रिंग तुमच्या पुढे. यात वेग नाही, उडी नाही. त्याने स्वतःच सांगितलेल्या दिशेच्या उलट टाकलेलं एक लांब पाऊल, एवढंच.

आणि हे शक्य होतं ते एका नियमामुळे. दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू पकडला, तर कुठलाही एक पाय खिळवून दुसरा हवा तसा फिरवता येतो. खिळलेल्या पायाला ‘पिव्हट’ म्हणतात. कोणता पाय खिळवायचा हे मात्र आधी जाहीर करायचं नसतं. एक उचलला की दुसरा आपोआप पिव्हट ठरतो. म्हणजे चेंडू पकडल्यापासून पहिला पाय उचलेपर्यंत डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही वाटा खुल्या. बचावपटूला दोन्ही अडवाव्या लागतात, तुम्हाला एकच वापरायची असते. नियमाला दुसरीही एक बारीक फट आहे. ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत जाणं, सुरू करताना चेंडू हातातून सुटायच्या आधी पिव्हट उचलता येत नाही, पण शॉट मारताना किंवा पास देताना उचलता येतो, फक्त चेंडू सुटेपर्यंत तो पुन्हा टेकायला नको. या फटीत एक अख्खा डाव बसवलेला आहे.

तो असा. वळून रिंगकडे तोंड करायचं आणि चेंडू डोक्यावर न्यायचा, नजरही रिंगवर. बचावपटू उडी मारतो. पन्नास सेंटिमीटरची उडी मारणारा माणूस सुमारे ०.६४ सेकंद हवेत असतो. या वेळात तो हात हलवू शकतो, पण आपल्या गुरुत्वमध्याची वाट तसूभरही बदलू शकत नाही. ती पाय सुटले तेव्हाच ठरून गेली. तुमचे पाय मात्र जमिनीवरच आहेत, कारण उडी मारली ती फक्त त्याने. तो वर असताना मोकळा पाय त्याच्या बगलेखालून पुढे टाकायचा, त्याच पायावर उसळायचं, पिव्हट आता उचलला तरी चालतो, आणि चेंडू रिंगमागच्या बोर्डाला लावून सोडायचा. ०.६४ सेकंदांत हे बसतं. इंग्रजीत याला ‘अप अँड अंडर’ म्हणतात. हूल देणं आपल्याकडे कबड्डीपासून कुस्तीपर्यंत सगळ्यांना येतं, पण हूल फसण्याचं गणित इतकं उघडं क्वचितच दिसतं.

उंचीचं काय, हा प्रश्न येणारच. एड्रियन डँटली हा अमेरिकन खेळाडू सहा फूट पाच इंचांचा. एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या सात-सात फुटी गड्यांमध्ये तो बुटका. खेळ मुख्यतः पोस्टवरचा, आणि तरी १९८०-८१ आणि १९८३-८४ या दोन हंगामांत सामन्यामागे सर्वाधिक, तिसाहून जास्त गुण त्याचेच. हुली देत राहायचा. उलट, एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) २०१५ साली नाव आलेला पहिला भारतीय, पंजाबचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच उंच असूनही त्या लीगचा एकही सामना खेळू शकला नाही. पुढे तो अमेरिकेतल्या दिखाऊ कुस्तीच्या रिंगणात उतरला. (ती कुस्ती आपल्या वस्तादांना दाखवू नये.)

उंची लागतच नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण उंच माणसालाही नाच शिकावा लागतो, हे शब्दशः खरं आहे. १९४२ मध्ये शिकागोच्या द पॉल विद्यापीठात जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा, जाड चष्म्याचा, चालताना अडखळणारा मुलगा आला. प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियोद्ध्यांचा सराव करवला आणि चक्क नृत्याची शिकवणी लावली. काही वर्षांतच तो रिंगखाली असा आवरेनासा झाला की १९५१ मध्ये एनबीएने रिंगपुढचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला. मग विल्ट चेंबरलेन आला आणि १९६४ मध्ये बाराचे सोळा झाले. १९६७ मध्ये तर अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलने वरून चेंडू कोंबण्यावर, म्हणजे डंकवर, बंदीच घातली. ती १९७६ पर्यंत राहिली. एक-दोन माणसांना जवळून हुसकण्यासाठी जमिनीवरच्या रेघा पुसून नव्या आखल्या, असा खेळ दुसरा मला माहीत नाही. बदलली नाही ती फक्त रिंगची उंची. १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या टांगल्या त्या गॅलरीच्या कठड्याला, तो होता दहा फुटांवर. आजही ३.०५ मीटरच.

त्या डंकबंदीच्या काळात महाविद्यालयात खेळणारा लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, हुक शॉट घोटत राहिला. त्यात खांदा रिंगकडे करायचा आणि चेंडू लांबच्या हातात धरून डोक्यावरून कमानीने सोडायचा. बचावपटू आणि चेंडू यांच्यामध्ये आता खांद्यांची पूर्ण रुंदी आणि वर ताणलेला हात. दोघे सारख्या उंचीचे असले तरी हात चेंडूपर्यंत पोचत नाही. एनबीएतल्या एकूण ३८,३८७ गुणांचा त्याचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला. पायांच्या कलेत मात्र माझं झुकतं माप हकीम ओलाजुवानला. नायजेरियातल्या लागोसमध्ये फुटबॉलचा गोलरक्षक म्हणून आणि हँडबॉल खेळत तो वाढला, बास्केटबॉल किशोरवयात उशिरा हातात आलं. चेंडू न आपटता एकाच जागी दोन-तीन हुली देऊन तो समोरच्याला गरगर फिरवायचा, आणि ती पावलं आपण फुटबॉलमधून आणली असं सांगायचा.

शेवटचा हात बोर्डाचा. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे २४. चेंडू तिरपा येतो तेव्हा त्याच्या बाजूने रिंग चपटी, लंबगोल दिसते; साधारण ३२ अंशांपेक्षा सपाट आला तर कडेला न घासता आत जाणं अशक्यच. जवळून, आडव्या हातांच्या गर्दीत, नेमका तोच सपाट कोन वाट्याला येण्याची भीती असते. बोर्डावर रंगवलेला ५९ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन त्यासाठीच. त्याच्या वरच्या कोपऱ्याशी हळुवार टेकवलेला चेंडू वेग हरवतो आणि वरून, जवळजवळ उभा, खाली येतो.

याचा सराव मायकनच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याला जोडीदारही लागत नाही. रिंगखाली उभं राहायचं. डाव्या पायावर उसळून उजव्या हाताने बोर्डाला, चेंडू जमिनीवर पडायच्या आत झेलायचा, मग उजव्या पायावर उसळून डाव्या हाताने. चेंडू हनुवटीच्या खाली आणायचा नाही, कारण खाली आणला की बुटक्यात बुटका बचावपटूही तो काढून घेतो. जाळी नसलेल्या रिंगवर हे करायला शिरूरला किंवा दौंडला कुणाची ना नाही. डावा हात सुरुवातीला रुसतो. तो वळेपर्यंत थांबायचं नाही, इतकंच.

एकदा का पोस्टवरून गुण यायला लागले, की समोरचा संघ तुमच्यावर दुसरा माणूस पाठवतो. इथे नवशिका घाबरून चेंडू आपटतो आणि गमावतो. जाणता मात्र याच क्षणाची वाट पाहत असतो. दोघे त्याला चिकटले म्हणजे उरलेल्या मैदानात त्याचे चार साथीदार, आणि त्यांना धरायला तिघेच. निकोला योकिच या सर्बियन खेळाडूने डेन्व्हर संघाला २०२३ चं एनबीए विजेतेपद मिळवून दिलं, त्यात त्याच्या शॉटइतकेच त्याचे पास मोलाचे होते. पाठ अजून रिंगकडेच, चेंडू हनुवटीशी, पिव्हट खिळलेला, आणि मोकळा पाय आता रिंग शोधत नाही, मोकळा साथीदार दिसेल तिकडे वळतो.