लहान मुलांचा आतड्याचा आजार : कोणती तपासणी काय सांगते?

कॅलप्रोटेक्टिन : पांढऱ्या पेशींतले प्रथिन. आतड्याला सूज आली की शौचात वाढते. शोध 1980, नॉर्वे.

आकडा : ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमपर्यंत सर्वसाधारण, 250 च्या वर सूज असण्याची शक्यता जास्त. चार वर्षांखालच्या मुलांत मुळातच जास्त, म्हणून मोठ्यांचा निकष त्यांना लागू नाही. जुलाब, जंतुसंसर्ग, आयबुप्रोफेन यांनीही वाढतो.

नमुना : डबीच्या झाकणाला चमचा असतो. त्यावर वाटाण्याएवढे शौच पुरे. लघवी मिसळू नये.

संवेदनशीलता : आजारी मुलांपैकी किती पकडली. विशिष्टता : निरोगी मुलांपैकी किती बरोबर वगळली.

आजार विरळ असला की : समजा, 1000 मुलांत 10 आजारी. संवेदनशीलता 90 टक्के, विशिष्टता 80 टक्के. 9 सापडतील, 1 निसटेल. पण 198 निरोगी मुलांचाही अहवाल 'पॉझिटिव्ह' येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात चित्र साधारण असेच. मोठ्या रुग्णालयात, निवडून पाठवलेल्या मुलांत, वेगळे.

सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) : रक्तातली टीटीजी-आयजीए तपासणी. त्याआधी पोळी बंद करू नये, अहवाल फसवा येतो. ज्वारीत ग्लूटेन नसते.

क्रोन (आतड्याची दीर्घकाळ टिकणारी सूज) की क्षय : आतड्याच्या क्षयातही कॅलप्रोटेक्टिन वाढते. फरक दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीने ठरतो.

 

थांबू नये : शौचात रक्त, घटते वजन, खुंटलेली उंची, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी. यांपैकी काही दिसल्यास अहवालाची वाट न पाहता मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.